माहीमचा बुधवार

पश्चिम रेल्वेच्या बायकांच्या डब्यात वार ओळखायला पंचांग लागत नाही. मंगळवारी दादरला उतरणाऱ्या बायकांच्या हातात दूर्वांच्या जुड्या आणि जास्वंदीची फुले असतात; ती मंडळी सिद्धिविनायकाची. बुधवारी मात्र डबा माहीमला हलका होतो. उतरणाऱ्यांत फ्रॉक घातलेल्या गोवेकर आजीबाई असतात, नाकात नथ घातलेल्या कोळणी असतात, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या गिरगावकर वहिनी असतात, आणि कॉलेजची बॅग पाठीला लावून, मोबाइलवर प्रश्नपत्रिकांच्या खुणा करीत चाललेल्या मुलीही असतात. एकमेकींना ओळखत नाहीत, पण पुलावरून उतरून सगळ्या एकाच दिशेला वळतात. मी वर्षानुवर्षे या घोळक्याला ओलांडून चर्चगेटची गाडी धरीत आले. त्या घोळक्याबरोबर चालायचा योग गेल्या दोन-तीन वर्षांतला.

लेडी जमशेटजी रोड जिथे संपतो आणि खाडीवरचा कॉजवे जिथे सुरू होतो, त्या कोपऱ्यावर सेंट मायकलचे चर्च आहे. मूळ स्थापना पोर्तुगीज काळातली, सोळाव्या शतकातली. आजची इमारत मात्र १९७३ सालची. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांपुढे उभे राहिले की जे वाटते, ते इथे वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रशस्त, हवेशीर, कामाची इमारत आहे. पण इमारत पाहायला इथे कोणी येतही नाही. हाकेच्या अंतरावर मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे, थोडे आत गेले की शीतळादेवीचे देऊळ. माणसाने देवापाशी काही मागावे, अशी या मैल-दीड मैलाच्या जमिनीला फार जुनी सवय आहे.

बुधवारच्या या प्रार्थनेला ‘नोव्हेना’ म्हणतात. नऊ हा आकडा त्या शब्दातच आहे. सलग नऊ बुधवार यायचे. सोळा सोमवार करणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आयर्लंडमधल्या बेलफास्टला बुधवारच्या नोव्हेनासाठी लोटणारी गर्दी पाहून फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी ती इथे आणली, आणि ८ सप्टेंबर १९४८ या दिवशी, मेरीच्या जन्मदिनी, माहीमला पहिली नोव्हेना झाली. त्या दिवशी बुधवारच होता. आता सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतून प्रार्थना चालू असतात. एक घोळका बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो. दोहोंच्या मध्ये दारात क्षणभर जी रेटारेटी होते, ती मात्र सर्व भाषांत सारखीच.

समोर जे चित्र आहे, ते निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचे. मूळ चित्र रोमला आहे; १८६६ साली नवव्या पायस पोपने ते रिडेम्प्टोरिस्ट पंथाच्या धर्मगुरूंच्या हवाली केले आणि त्याच्या प्रती जगभर गेल्या. पहिल्या भेटीत मला ते इतर चित्रांसारखेच वाटले: सोनेरी पार्श्वभूमी, निळे वस्त्र, कडेवर मूल. दुसऱ्या खेपेला थोडे निरखून पाहिले. मूल आईकडे पाहत नाही. मान वळवून ते पाहते आहे दुसरीकडे, जिथे एक देवदूत हातात क्रूस आणि खिळे घेऊन उभा आहे. दुसऱ्या बाजूच्या देवदूताच्या हातात भाला आणि स्पंज. आपल्या पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्या पोराने पाहिले आहे, आणि घाबरून त्याने दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरला आहे. धावत येताना, की झेप घेताना, पायातली एक चप्पल सुटून बंदाला लोंबकळते आहे. देवाचा पुत्र म्हणून ज्याला पुजायचे, त्याची चप्पल निसटलेली दाखवायची! हजारो माणसे दर आठवड्याला ज्याच्यापुढे हात जोडतात, ते एका भेदरलेल्या मुलाचे चित्र आहे, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सोडीत नाही.

या नोव्हेनाचे एक अंग म्हणजे पत्रे. लोक आपली मागणी कागदावर लिहून आणतात; मागणे पुरे झाले की आभाराचे पत्र लिहितात. आभाराची पत्रे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवतात. नाव नसते, नुसता मजकूर. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात घालवल्यामुळे कोणताही मजकूर कानावर पडला की माझ्या मनातली लाल शाई आपोआप जागी होते. या पत्रांपुढे ती चालेना. नवऱ्याची दारू सुटली. मुलीला तिसऱ्या खेपेला गणित सुटले. कुवेतचा व्हिसा आला. घरमालकाने खटला मागे घेतला. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर दिवस राहिले. वाक्ये आखूड, विशेषण क्वचित एखादे. माणूस भर गर्दीत, पण कोणाला दिसत नाही अशा जागी उभा असला, म्हणजे अलंकार आपणहून गळून पडतात की काय, कोण जाणे. आमच्या वर्गात ‘आत्मनिष्ठा’ या विषयावर मी तासन्तास बोलते. एकदा सगळा वर्ग उचलून इथे आणावा असे वाटले.

पण आभाराची पत्रे ही अर्धीच गोष्ट. ती मिळालेल्यांची. न मिळालेल्यांची पत्रे कोणी मोठ्याने वाचत नाही. त्यांतले एक मला ठाऊक आहे, कारण ते मी लिहिले. म्हणजे अक्षर माझे, मजकूर आमच्या घरमालकीणबाईंचा.

वांद्र्याच्या एका जुन्या गावठाणात त्यांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहतो. बाई ईस्ट इंडियन. नावाने पुष्कळांची फसगत होते. मुंबई, साष्टी, वसई इथले हे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपले वेगळेपण कळावे म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, त्यांनी हे नाव घेतले. साहेबाचे राज्य गेले, नाव राहिले. बाईंना मी मावशी म्हणते, त्या मला टीचर म्हणतात. काकांना अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षे झाली आहेत. बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, माणसे ओळखतात की नाही याचा नेम नाही. मुलगी कॅनडात. दर रविवारी ती फोनवरून वडिलांना हाका मारते आणि मावशी फोन त्यांच्या कानाशी धरून उभ्या राहतात. बाकी दिवसरात्र मावशी एकट्याच. दिवसातून चार वेळा भरवणे, पुसणे, उलटे-सुलटे करणे; रात्री दोन-दोन तासांनी उठणे. त्यांचे स्वतःचे वय सत्तरीच्या पुढे.

एका मंगळवारी संध्याकाळी त्या कागद घेऊन वर आल्या. “माझा हात थरथरते. तुमी लिवा. मी सांगते तसाच लिवा.” मी लिहू लागले. पहिली दोन वाक्ये काकांच्या दुखण्याची होती. मग त्या थांबल्या आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “लिवा, मी दमले. लिवा, मना तुझा राग येते. त्याला उठव, नायतर ने. आणि हा मी मागते म्हणून मना माफ कर, पण मागते.”

माझी लेखणी थांबली. “हे असंच लिहायचं, मावशी?”

“मंग काय? मनात हाय ता तिला ठावं नाय? तोंडानं गोड बोलाचा आणि पोटात ह्यो ठेवाचा, त्यानं काय ती फसंल?”

मी लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर माहीमला गेले आणि पाकीट त्यांनी आपल्या हाताने टाकले. (हे सारे इथे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. “नाव नको, बाकी लिवा,” एवढेच त्या म्हणाल्या.)

देवाशी असे बोलणे ख्रिस्ती धर्मात बसते का, हा प्रश्न माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला पडणे साहजिक होते. ख्रिस्ती प्रार्थना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी सिनेमातली, डोळे मिटून हळू आवाजात पुटपुटणारी, स्वच्छ कपड्यांतली माणसे येतात. शेवटी घरातल्या कपाटातले ‘पवित्र शास्त्र’ काढले. त्यातली स्तोत्रसंहिता म्हणजे दीडशे स्तोत्रे. स्तोत्र म्हणजे स्तुती, या समजुतीने वाचायला बसाल तर गोंधळून जाल. तिथे स्तुती पुष्कळ आहे, पण अभ्यासक वर्गवारी करतात तेव्हा सर्वांत मोठा ढीग निघतो तो विलापाचा, गाऱ्हाण्याचा. तेराव्या स्तोत्राच्या आरंभी कवी ‘आणखी किती काळ’ या अर्थाचा प्रश्न लागोपाठ चार वेळा देवाच्या तोंडावर फेकतो. अठ्ठ्याऐंशीवे तर असे आहे की इतर विलापांत शेवटी कुठे तरी पहाट होते, याच्यात होतच नाही. ते अंधारात संपते, आणि तो अंधार कोणी पुसून टाकला नाही. इयोबाच्या ग्रंथात तर याहून मौज आहे. सर्वस्व गमावलेला इयोब देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो. त्याचे शहाणे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला लांबलचक उपदेश करतात. अखेर देव बोलतो, तेव्हा आधी इयोबालाही चांगला सुनावतो. पण मग रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो हा इयोब, तुम्ही नव्हे, असा त्याचा निवाडा. वकिली करायला गेलेल्या मित्रांची इतकी फजिती दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात झाली असेल असे मला वाटत नाही.

आणि स्वतः येशू? पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो तीन मित्रांना जागे राहायला सांगतो, जमिनीवर पालथा पडतो, आणि हा प्याला माझ्यापुढून जावो असे मागतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्याच्यामागून येते; पण आधीचे मागणे गाळून मागचे तेवढे सुवार्ताकारांनी ठेवले नाही. मत्तयाने तर ते तीनदा मागितल्याचे नोंदवले आहे. मित्र तिन्ही वेळा झोपलेले. दुसऱ्या दिवशी क्रूसावर त्याच्या तोंडी जो आक्रोश येतो, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. देवाने आपल्याला टाकले, अशी तक्रार. ज्या धर्माच्या मध्यभागी ही तक्रार आहे, त्यात मावशींचे पत्र न बसायला काय झाले?

अर्थात धर्मसंस्थांना एवढा मोकळेपणा नेहमीच पेलतो असे नाही. काही स्तोत्रांत शत्रूविषयी असे शाप आहेत की वाचताना अंगावर काटा येतो. कॅथलिक चर्चने १९७१ साली आपल्या दैनंदिन प्रार्थनापाठाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा अठ्ठावन्नावे, त्र्याऐंशीवे आणि एकशे नववे अशी तीन स्तोत्रे तिच्यातून वगळली, आणि इतर काही स्तोत्रांतल्या ओळीही. पवित्र शास्त्रात ती आहेतच, फक्त पाठात नाहीत. कारण समजण्याजोगे आहे: समूहाने मोठ्याने म्हणताना असल्या ओळी घशात अडकतात. माझे मत विचाराल तर मी त्या काढल्या नसत्या. सूड घ्यावासा वाटणाऱ्या माणसाने तो मनातच ठेवून हसतमुखाने गावभर हिंडण्यापेक्षा देवापुढे ओकून टाकलेला बरा. पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही.

भाषेच्या शिक्षिकेला यात एक शब्द फार बोलका वाटतो. बायबलच्या दोन भागांना मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात. करार! आपल्याला हा शब्द भाडेपट्टी आणि मुद्रांकाच्या कागदाशेजारी ऐकायची सवय. पण नीट पाहिले तर गाऱ्हाण्याची सगळी किल्ली त्यात आहे. करार झाला म्हणजे दोन पक्ष आले. आणि एका पक्षाने शब्द पाळला नाही असे वाटले तर दुसऱ्याला बोलण्याचा हक्क आला. स्तोत्रकर्ता रडतो, पण रडता रडता देवाला त्याच्या शब्दाची आठवण देतो. आपल्या जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या, नामदेव त्याच्याशी रुसला, तुकोबांनी तर त्याचे दिवाळेच काढले. तिथे हक्क नात्याचा आहे. आईवर पोराने रुसावे, तसा. मावशींच्या पत्रात मला दोन्ही सूर ऐकू आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, आणि प्रार्थना लिहिताना त्यांनी अभंगच हाती घेतला. बाहेरून आलेला देव मराठीत एकदा ‘तू’ झाला, की त्याच्याशी भांडायचे शब्द घरात तयारच होते.

पंडिता रमाबाईंचे स्मरण इथे व्हावे हे ओघानेच आले. पुणे-दौंड रस्त्यावरच्या केडगावला त्यांचे मुक्ती मिशन आजही आहे. १९०५ च्या जून महिन्यात तिथल्या मुली एकाच वेळी, मोठमोठ्याने, रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या, आणि ही कसली शिस्त, असा प्रश्न पुष्कळांना पडला. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही. दुष्काळातून, वैधव्यातून, मारझोडीतून आलेल्या त्या पोरींना ओरडायला आयुष्यात पहिल्यांदा जागा मिळाली होती, असे मला ते वाचताना वाटले. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतले, तेही खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना वाचता यावे म्हणून. संस्कृत पंडिता ती. अवघड लिहिणे तिला सोपे होते. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम चालूच होते. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर छापून बाहेर आले. त्या शेवटच्या नऊ महिन्यांत विलापाच्या स्तोत्रांवरून त्यांचा हात पुन्हा कधी फिरला असेल, तर काय झाले असेल!

सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीची जत्रा भरते. ‘मोत’ म्हणजे पोर्तुगीज ‘मोंते’, डोंगर. कोळ्यांनी त्याला आपल्या जिभेवर घोळवून घरचे केले. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर तो चढ माणसांनी फुललेला असतो. आजचे चर्च १९०४ साली उभे राहिले. पण मला तिथे खिळवते ते बाहेरच्या दुकानांतले मेण. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोळे, हृदय, रांगणारे बाळ, कौलारू घर, मोटारगाडी, विमान. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे आणि पाळणे वाहतात, तीच ही रीत. फरक इतकाच की चांदी देवस्थानाच्या पेटीत जाते आणि मेण जळते किंवा वितळते. कोणाला काय हवे आहे ते सर्वांना दिसते. आयटीतला तरुण हातात मेणाचे बाळ घेऊन रांगेत उभा असतो आणि त्याला लाजही वाटत नाही, कारण पुढच्याच्या हातात आतडे असते.

गेल्या जत्रेला मावशींबरोबर गेले होते. तासाभरासाठी शेजारची मुलगी काकांपाशी बसली होती. मावशी एका दुकानापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. दुकानदारीण ओळखीची. “पाय देऊ, की हात?” तिने विचारले. मावशींनी मांडणीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “आख्खा मानूस दे.” तिने वीतभर उंचीचा, दोन्ही हात अंगालगत धरलेला मेणाचा पुरुष काढून दिला. मावशींनी तो पदराखाली धरला आणि पायऱ्या चढू लागल्या. तो उठवण्यासाठी वाहिला की नेण्यासाठी, हे मी विचारले नाही.

काका अजून आहेत. त्यांच्यात काही फरक नाही. माहीमच्या पेटीसाठी मी त्यानंतर आणखी दोन पत्रे लिहिली. पावसाळ्यात लिहिलेले दुसरे फार लहान होते: “एक रात सबंद झोप दे.” पुढच्याच आठवड्यात वसईहून मावशींची भाची चार दिवस राहायला आली. कोणी बोलावली नव्हती. तिच्या शाळेला सुट्टी पडली म्हणून आली. त्या चार रात्री मावशी आमच्या माडीवरच्या खोलीत झोपल्या. पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत त्या उठल्या नाहीत, तेव्हा मीच दोनदा श्वास चालू आहे ना म्हणून पाहून आले.

तिसरे पत्र आभाराचे. चार रात्रींचे आभार, भाचीचे नाव, तिच्या बी.एड.च्या परीक्षेकडे लक्ष ठेवण्याची विनंती. मी पाकिटाला डिंक लावू लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थांबा टीचर. खाली लिवा: पयला पत्र मी परत घेत नाय. ता पन ऱ्हाऊ दे.”

मी कागद पुन्हा उलगडला आणि ते वाक्य लिहिले.